कचारगडला जाण्याआधी: नागपूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पौष संपत आला की मला फोन सुरू होतात. "यंदा कचारगडला जायचं म्हणतो, कसं जायचं?" इथपासून "आम्ही गोंड नाही, चालेल का?" इथपर्यंत. मीही गोंड नाही. कामावरच्या एका गोंड सहकाऱ्याच्या घरच्यांसोबत पहिल्यांदा गेलो आणि मग जात राहिलो. दर वेळी तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे लिहितो आहे. तिथल्या भुमकांचा, म्हणजे पूजा सांगणाऱ्यांचा, किंवा जाणत्यांचा शब्द माझ्या लिहिण्यापेक्षा मोठा. ते वेगळं काही सांगतील तर त्यांचंच ऐका.

कचारगड नेमकं कुठं आहे?

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ. छत्तीसगडची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे. डोंगररांग मैकलची, म्हणजे सातपुड्याचीच पूर्वेकडची शाखा. पायथ्याला धनेगाव आहे आणि वर दाट जंगलात नैसर्गिक गुहा. बांधलेलं देऊळ मनात धरून गेलात तर चुकल्यासारखं वाटेल, कारण इथं डोंगर हेच देवस्थान आहे.

एवढं काय आहे तिथं? एक गुहाच ना?

गोंडांच्या श्रद्धेनुसार त्यांचा धर्म, म्हणजे कोया पुनेम, या गुहेच्या दारातून सुरू झाला. कथा थोडक्यात सांगतो. गावोगावी ती थोडी थोडी बदलते.

काली कंकालीची मुलं होती. काही सांगणारे तेहतीस म्हणतात. ती आईपासून दुरावली. रायताड जंगो या देवीनं त्यांना सांभाळलं. पण पोरं भारी द्वाड निघाली, कुणाला आवरेनात. शेवटी शंभूनं त्यांना डोंगरातल्या गुहेत कोंडलं आणि दारावर प्रचंड शिळा लावली. आई बाहेर रडत राहिली. तेव्हा पहांदी पारी कुपार लिंगो, म्हणजे कोया पुनेमचे आद्य गुरू, आले. शिळा हलवायची ताकद एकट्याची नव्हती. हिरासुका पाटालीर नावाचा किंगरी हे तंतुवाद्य वाजवणारा त्यांच्यासोबत होता. त्यानं गुहेबाहेर बसून किंगरी अशी वाजवली की आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं. सगळ्यांनी मिळून आतून शिळा ढकलली, ती गडगडत बाहेर आली आणि तिच्याखाली वाजवणाराच चिरडला गेला. पोरं सुटली. लिंगोंनी त्यांना शिकवलं, सगांमध्ये, म्हणजे कुळांच्या गटांमध्ये, वाटलं आणि चारी दिशांना पाठवलं.

मला या कथेत सगळ्यात जास्त हलवतो तो पाटालीर. समाजाच्या सुटकेची किंमत एका वादकानं प्राणानं चुकवली, आणि समाजानं ते विसरलं नाही. परधान, म्हणजे गोंडांची वंशावळ आणि कथा गाणारी मंडळी, आजही किंगरीवरच देव जागवतात. यात्रेत कुठं कोपऱ्यात एखादा म्हातारा तीन तारांची किंगरी घेऊन बसलेला दिसला तर घाईत पुढं जाऊ नका. थोडं बसा. शब्द कळले नाहीत तरी बसा.

मी इंग्रजीत वाचलेली कथा वेगळी आहे. खरी कोणती?

तुम्ही बहुतेक हिस्लॉप यांनी टिपलेली वाचली असणार, आणि तिचा धागा थेट आपल्या नागपूरला येऊन मिळतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोचं लांबलचक गीत उतरवून घेतलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद मागं राहिले, ते रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६६ मध्ये छापले.

त्या पाठात गोंडांना कोंडणारा महादेव आहे, दारावर भस्मासुराचा पहारा आहे, चौघेच निसटतात, आणि ते ज्या ठिकाणी राहतात त्याचं नाव येतं 'काचीकोपा लोहागड'. कचारगड या नावाशी त्याचं नातं जोडणारे पुष्कळ आहेत. गोंडीत 'कच्च' म्हणजे लोखंड, असंही जाणकार सांगतात. 'कच्चा लोहगड' अशी फोडही ऐकायला मिळते.

खरी कोणती, हा प्रश्न मला पटत नाही. तोंडी चालत आलेल्या कथेला एकच प्रत नसते. पंढरपूरच्या वाटेवर पुंडलिकाची गोष्ट चार दिंड्यांत चार तऱ्हेनं ऐकू येते, तेव्हा आपण कुणाला खोटं ठरवत नाही. गुहेसमोर बसून जी सांगितली जाते ती त्या क्षणी खरी. पुस्तकातली दाखवून तिथल्या आजीला दुरुस्त करायला जाऊ नका. हे लिहायची वेळ आली, कारण असं करणारा शिकलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे.

यात्रा कधी असते?

माघ पौर्णिमेला. तिच्या मागंपुढं मिळून पाचेक दिवस गर्दी असते. २०२६ मध्ये पौर्णिमा १ फेब्रुवारीला होती, २०२७ मध्ये २० फेब्रुवारीला आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा अनेक राज्यांतून लाखो लोक येतात. ट्रॅक्टरवर, पिकअपमध्ये, रेल्वेनं, आणि बरेच पायी.

जागेवरची श्रद्धा फार जुनी आहे, पण आज दिसते ती मोठी यात्रा ऐंशीच्या दशकात उभी राहिली. त्यामागं नागपूरची माणसंही होती. रामटेक तालुक्यातून आलेले, रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात नोकरी केलेले मोतीरावण कंगाली यांचं नाव त्यात आवर्जून घ्यावं लागतं. नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर गोंडी भाषा आणि पुनेम यांचा अभ्यास केला. २०१५ साली ते गेले. रोज सिव्हिल लाइन्सवरून जाणाऱ्या किती नागपूरकरांना हे नाव माहीत आहे?

गर्दी नको आहे. इतर वेळी गेलं तर?

जाता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चमध्ये पळस पेटलेला असतो, तेव्हाही छान, पण सकाळी लवकर चढा. एप्रिल-मेमध्ये विदर्भाचं ऊन काय असतं हे नागपूरकराला सांगायला नको. पावसाळ्यात दगड शेवाळतात, जंगलातली वाट बुजते, त्यामुळं तेव्हा मी कुणाला पाठवत नाही.

तरी पहिली भेट यात्रेतच द्या, असं माझं म्हणणं. रिकामी गुहा पाहून फक्त गुहा कळते. ती कुणाची आहे हे माणसं आल्यावर कळतं.

नागपूरहून कसं जायचं?

रेल्वेनं सगळ्यात सोपं. नागपूर-हावडा मार्गावर गोंदिया सुमारे १३० किलोमीटर, एक्स्प्रेसनं दोन तासांच्या आसपास. गोंदियाहून डोंगरगडकडं जाणारी लोकल पकडायची. आमगाव, मग सालेकसा, मग दरेकसा. या लहान स्टेशनांवर पॅसेंजर-लोकलच थांबतात, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा. लोकल उशिरा धावणं या मार्गावर नवीन नाही. परतीची शेवटची गाडी कोणती हे उतरल्याबरोबर स्टेशनवरच विचारून घ्या.

गाडीनं जायचं तर भंडारा, साकोली, देवरी, तिथून आमगाव-सालेकसा. दोनशे किलोमीटरच्या आसपास धरा आणि पहाटे निघा. यात्रेत धनेगावच्या अलीकडंच वाहनं थांबवतात, पुढं पायी.

मी गोंड नाही. गेलो तर कुणी काही म्हणेल का?

मला आजवर कुणी काही म्हटलं नाही. उलट पहिल्या वर्षी एका अनोळखी कुटुंबानं हाताला धरून जेवायला बसवलं. पण "कुणी अडवत नाही" याचा अर्थ "कसंही वागलं तरी चालतं" असा नाही. कुणाच्या तरी आजोळी पाहुणे म्हणून जाताना आपण जसे वागतो, तसं वागा. घरच्यांना आधी पुढं जाऊ द्या. पूजा चालू असताना मध्ये घुसू नका. जिथं इतर लोक चपला काढतात तिथं तुम्हीही काढा, पाटी लिहिलेली नसली तरी.

माझ्याकडून पहिल्याच वर्षी एक चूक झाली. गुहेजवळ शेंदूर लावलेल्या दगडांच्या ओळीशेजारी दमून मी एका साध्या दगडावर टेकलो. सोबतची माय काही बोलली नाही, फक्त तिचा चेहरा उतरला. नंतर कळलं की तोही पेनाचा दगड होता. पेन म्हणजे देव, पूर्वजांची शक्ती. तिथं देवाला डोळे-नाक असतंच असं नाही. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय कुठं बसत नाही आणि कशाला हात लावत नाही. तुम्हीही दगड, काठी, मोरपिसांचा जुडगा, काहीही उचलून पाहू नका.

भेटल्यावर काय म्हणायचं?

"जय सेवा." दोन्ही हात जोडून, मनापासून. आदरानं हाक मारायची तर पुरुषाला तिरुमाल आणि बाईला तिरुमाय म्हणतात. नाही जमलं तर आपलं दादा, माय, बाबा आहेच. पूजा सांगणारा तो भुमका. पूजेला गोंगो म्हणतात. सगळ्यात मोठा देव फडापेन, त्यालाच आपल्याकडं बडादेव या नावानं ओळखतात.

काली कंकाली म्हणजे आपली कालीमाताच ना?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि चांगल्या मनानंच येतो. आपल्याला वाटतं की "सगळं एकच" म्हटलं की आपण जवळीक दाखवली. समोरच्याला मात्र ते वेगळं ऐकू येतं. नाव सारखं वाटलं तरी कथा वेगळी आहे, नातं वेगळं आहे. ती या लेकरांची आई आहे, जिनं गुहेबाहेर बसून अश्रू ढाळले.

अनेक गोंड आपला धर्म वेगळा मानतात आणि जनगणनेत त्याची स्वतंत्र नोंद व्हावी अशी मागणी बरीच वर्षं करत आहेत. झारखंड विधानसभेनं तिथल्या आदिवासींच्या सरना धर्माच्या वेगळ्या नोंदीचा ठराव २०२० मध्ये केला, त्याची चर्चा कचारगडच्या मंडपातही ऐकू येते. घरात हिंदू सणही करणारी गोंड कुटुंबं आहेत. यातलं कोण काय मानतं हे ज्याचं त्यानं सांगावं. आपण बाहेरून जाऊन निकाल देऊ नये. गुहेत जाऊन आपल्या देवांच्या तसबिरी ठेवणं, आपल्या आरत्या मोठ्यानं म्हणणं, हे तर अजिबात करू नये.

नागपुरात गाड्यांवर '७५०' लिहिलेलं दिसतं. त्याचा याच्याशी संबंध आहे?

आहे. परंपरेनुसार लिंगोंनी समाज बारा सगांमध्ये वाटला. पहिल्या सात सगांची प्रत्येकी शंभर गोत्रं, म्हणजे सातशे. पुढच्या पाच सगांची प्रत्येकी दहा, म्हणजे पन्नास. एकूण ७५०. प्रत्येक गोत्राकडं एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड राखायला दिलेलं. त्या गोत्राचा माणूस त्यांना मारत नाही, तोडत नाही. ७५० गोत्रं म्हणजे २२५० जीव राखले गेले, असा हिशोब मंडपात पोरंसोरंही करून दाखवतात.

लग्नंही यावरून ठरतात. "तुम्ही किती देवांचे?" हा प्रश्न तुम्हाला ऐकू येईल. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात. सम संख्येचा सोयरा विषम संख्येत शोधायचा. एकाच संख्येचे लोक भाऊबंद ठरतात. यात्रेत हजारो अनोळखी माणसं दोन वाक्यांत एकमेकांचं नातं लावतात, "मग तुम्ही आमचे मामा लागता" म्हणत हसतात. ते ऐकत उभं राहणं हा माझा कचारगडमधला सगळ्यात आवडता वेळ.

चढ किती? म्हातारी माणसं, लहान मुलं जाऊ शकतील?

पायथ्यापासून जंगलातून दगडांची चढती वाट आहे. रामटेकच्या पायऱ्या न थांबता चढणाऱ्याला जड जाणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी धनेगावातच थांबावं. झेंडा, गोंगो, भाषणं, रेला नाच, बाजार, बरंच काही खालीच असतं. मी सत्तरीच्या बायकांना अनवाणी वर जाताना पाहिलं आहे, पण त्यांचे पाय वेगळे, आपले वेगळे. मुलांना न्या. गर्दीत त्यांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी मात्र ठेवा, कारण तिथं मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

आत अंधार असतो. डोक्याला लावायची बॅटरी असेल तर हात मोकळे राहतात.

ही आशियातली सर्वात मोठी गुहा आहे, हे खरं का?

असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण ते बरोबर नाही. व्हिएतनाममधल्या सोन डुंगचं २००९ मध्ये सर्वेक्षण झालं, ती आकारमानानं जगात सर्वात मोठी गुहा मानली जाते. आपल्या देशातल्या लांबच लांब गुहा मेघालयात आहेत. कचारगडच्या गुहेत उभं राहिलं की ती प्रचंडच वाटते, तेवढं पुरे. खोटा विक्रम चिकटवला की कुणीतरी तो खोडून काढतं, आणि मग उगाच जागेची टिंगल होते. तेवढी एक ओळ फॉरवर्ड करू नका, ही विनंती.

नारळ, अगरबत्ती काय न्यायचं?

काहीही न नेता गेलात तरी चालतं. लोक घरचे तांदूळ, हळद, नारळ आणतात. काही पूजांत मोहाची दारू लागते, ती पूजेची वस्तू आहे. आपण बाहेरून बाटली घेऊन जाणं आणि त्याला "परंपरा" म्हणणं, हे करू नका.

गुहेत अगरबत्तीचे जुडगे पेटवू नका. एक कारण हवेचं, कोंडलेल्या जागेत धूर राहतो. दुसरं मधमाश्यांचं. या डोंगरांच्या कड्यांना आग्या मोहोळं लागतात आणि धुरानं ती उठतात. उग्र अत्तर टाळा, फटाके तर सोडाच. प्लास्टिकची बाटली भरून नेली तशीच रिकामी परत आणा.

फोटो, रील काढता येतात का?

डोंगराचे, जंगलाचे काढा. माणसांचे विचारून. अंगात पेन आलेल्या बाईचा किंवा बुवाचा व्हिडिओ काढू नका, कुणी अडवलं नाही तरी. त्या वेळी ते परवानगी देण्याच्या अवस्थेत नसतात, आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र कुठल्या मथळ्याखाली फिरेल हे आपल्या हातात नसतं.

राहायची, खायची सोय?

यात्रेत मंडप आणि पंगती असतात, पण फेब्रुवारीत जंगलातली रात्र थंड असते. घोंगडी किंवा जाड शाल न्या. हॉटेल हवं असेल तर गोंदियात मुक्काम करून सकाळची लोकल पकडा. इतर दिवसांत धनेगावात खाण्याची खात्री धरू नका, पोळी-भाजी आणि भरपूर पाणी सोबत ठेवा. संडासाची अडचण यात्रेत असतेच, बायकांनी विशेष विचार करून निघावं.

नक्षलवाद्यांची भीती?

सालेकसा-दरेकसाचा पट्टा अनेक वर्षं नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला. यात्रेत पोलिसांचा बंदोबस्त असतो आणि लाखो लोक निर्धास्त येतात. इतर दिवशी जाणार असाल तर गावातला माणूस सोबत घ्या, ठरलेल्या वाटेनंच चढा आणि दुपारी उतरायला लागा. वाट चुकू नये आणि जंगलातल्या जनावरांशी गाठ पडू नये, यासाठीही हे गरजेचं आहे.

त्याच फेरीत हाजरा फॉल आणि डोंगरगड होईल का?

हाजरा धबधबा दरेकसाच्या जवळच आहे, पण त्याचं खरं रूप पावसाळ्यात आणि लगेच नंतर. माघात पाणी कमी असतं. डोंगरगडची बमलेश्वरी याच रेल्वेमार्गावर पुढं आहे. दोन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट केलात तर कचारगडला तासभरही मिळणार नाही. मी तरी नको म्हणेन.

जाण्याआधी नागपुरात काही पाहता येईल?

पाहायलाच हवं. आपण ज्या शहरात राहतो ते १७०२ च्या सुमारास देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी वसवलं. त्यांचा मुलगा चांद सुलतान यानं राजधानी इथं आणली आणि जुम्मा तलाव बांधला, तोच आजचा गांधीसागर. महालात गोंड राजांचा किल्ला आहे. १८६३ साली सुरू झालेल्या अजब बंगल्यात आदिवासी दालन आहे. हे सगळं एका रविवारी होतं. मुलांना आधी ते दाखवा आणि मग कचारगडला न्या, म्हणजे गोंड म्हणजे जंगलातलं कुणीतरी, ही समजूत वाटेतच गळून पडेल.

भाषेचे चार शब्दही शिकून घ्या. गोंडी ही द्रविड कुळातली, तेलुगूच्या नात्यातली. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे २९ लाखांहून जास्त होते, आणि तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. यात्रेतल्या पुस्तकांच्या दुकानात गोंडी लिपीचे तक्ते आणि अंकलिप्या मिळतात. मी दर वर्षी एक घेतो आणि कुणाच्या तरी मुलाला देतो.

एवढं लांब जमणार नाही. जवळ काही?

पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या पाण्याकाठी कुंवारा भिवसेन आहे. भिवसेन हाही गोंडांचा पेन. चैत्रात तिथं मोठी यात्रा भरते. नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. वागण्याचे नियम वर लिहिले तेच. तिथं पाण्यात उतरण्याआधी काठावरच्या माणसाला विचारा, खोली फसवी आहे.